थर पाचचा वाडा

बजाजनगरात आमच्या शेजारणींना बरीच वर्षं वाटायचं की मी माती परीक्षण केंद्रात नोकरीला आहे. एकदा समोरच्या काकू कुंडीतली माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आल्या आणि तुळस का वाळते ते सांगा म्हणाल्या. मी सवयीनं चिमूटभर माती ओली केली, बोटांवर चोळली आणि सांगितलं, फिकट तपकिरी, भुसभुशीत, विटांचा चुरा मिसळलेला, बहुधा अलीकडची भर. काकूंनी समाधानानं मान डोलावली. तुळस गेलीच, पण तिच्या मातीची इतकी नीट नोंद दुसऱ्या कुणी घेतली नसती.

माझं काम खरोखर तेवढंच होतं. पुरातत्त्वाची माणसं जुन्या वस्तीच्या जागी शिस्तीत खड्डा खणतात. त्या खड्ड्याच्या काठावर वही घेऊन बसायचं, मातीचा थर बदलला की लिहायचं, आणि जे जे निघेल ते कुठल्या थरातून निघालं याची चिठ्ठी बांधायची. तीस वर्षं मी हे केलं. लोक विचारतात, सोनं सापडलं का? नाही सापडलं. तीस वर्षांत मला फुटक्या रांजणांचे, माठांचे, परळांचे इतके तुकडे सापडले की घरी कप फुटला तरी माझा हात आधी चिठ्ठीकडे जातो.

थर म्हणजे काय ते सांगते. घरात रद्दीचा गठ्ठा असतो, त्यात सगळ्यांत खालचा पेपर सगळ्यांत जुना. वस्तीचंही तसंच. घर पडतं, त्यावर दुसरं उभं राहतं, चुलीची राख, उकिरडा, पुराचा गाळ असं एकावर एक चढत जातं आणि शे-दोनशे पिढ्यांनी त्या जागी टेकाड होतं. आम्ही वरून खाली खणत जातो, म्हणजे आजपासून मागं मागं जातो. खापर कुठल्या थरातलं हे लिहिलं तर ते पुरावा, नाही लिहिलं तर नुसतं खापर. यात एकच भानगड, ती म्हणजे उंदीर. त्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं. तो वरचं खाली आणि खालचं वर करतो. एका हंगामात मला फार जुन्या थरात शर्टाचं बटण सापडलं आणि त्या काळात कोण शर्ट घालत असेल यावर जेवणाच्या सुट्टीत गंभीर चर्चा झाली, तेवढ्यात बाजूचं बीळ दिसलं.

आता जी हकिकत सांगणार आहे ती माझ्या निवृत्तीला दोन हंगाम उरले असतानाची. गंगापूरच्या पुढं गोदावरीच्या अंगाला एका गावाशेजारी असं टेकाड होतं. आपल्याकडं अशा जागेला पांढर म्हणतात, कारण जुन्या वस्तीची माती पांढुरकी असते. मी रोज सकाळी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीवर अर्धी बसून तिथं जायचे. खोदकामाचे प्रमुख होते पाठक सर. अभ्यासू माणूस, स्वभावानं प्रेमळ, पण डोळ्यांसमोर सतत काहीतरी भव्य दिसायचं. दोन विटा सरळ रेषेत लागल्या की त्यांना रस्ता दिसायचा, चार लागल्या की नगर. माझं काम त्यांच्या मागून चालत पेन्सिलीनं 'दोन विटा' लिहिण्याचं.

टेकाड ज्यांच्या रानात होतं ते बाबाराव पाटील सत्तरीचे. त्यांनी आम्हाला खणायची परवानगी दिली होती, पण आमच्यावर विश्वास ठेवण्याची नव्हती. एका संध्याकाळी खड्ड्यात मोठ्या रांजणाचा काठ दिसू लागला आणि आभाळ भरून आलं म्हणून आम्ही त्यावर ताडपत्री घातली. सकाळी येऊन बघतो तो गावात रांजणभर मोहरा निघाल्या होत्या आणि आम्ही त्या जीपमधून शहरात पोचवल्याही होत्या. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मला स्वतःलाच नीट बसायला जागा नसते, मोहरा कुठं ठेवणार? पण हे ऐकायला बाबाराव तयार नव्हते. ते धोतर सावरत खड्ड्यात उतरले आणि खाली बसले.

"मव्ह्या रानात रांजण गावतो अन् मलाच ठाव नाय," ते म्हणाले. "आता म्या इथून उठत नसतो."

सर वरून त्यांची समजूत घालत होते. माझं लक्ष वेगळीकडंच होतं, कारण बाबाराव नेमके तिसऱ्या थराच्या ताज्या साफ केलेल्या कोपऱ्यावर बसले होते. मी त्यांना जरा डावीकडं सरकायची विनंती केली. ते सरकले, आणि तिथं दुसरा थर होता. त्या दिवशीच्या माझ्या वहीत 'थर तीन व दोन, काही भाग बाबारावांमुळे दबला' अशी नोंद आहे. ती सरकारी दप्तरात अजून असेल.

दुपारपर्यंत तडजोड झाली. रांजण रिकामा आहे हे सगळ्यांना दाखवायचं, आणि इथून पुढं रोज काय निघालं ते संध्याकाळी गावापुढं वाचायचं. वाचणार कोण? जी लिहिते ती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भोंगा होता, वसुलीची आणि लसीकरणाची दवंडी त्यावरूनच व्हायची. दिवस मावळायच्या सुमाराला मला माइकसमोर बसवलं आणि समोर बायका-माणसं मिळून सगळं गाव.

मी वाचलं, "थर तीन. रंग मळकट तपकिरी. पोत मध्यम घट्ट. राखेचे ठिपके. खापरांचे तुकडे एकशे बारा. हाडांचे तुकडे चार. मणी एक, मातीचा, फुटका."

गाव थांबून राहिलं. मग मागून कुणीतरी विचारलं, पुढं? मी म्हटलं, पुढं उद्या.

मला वाटलं दोन दिवसांत ओटा ओस पडेल. मोहरांच्या आशेनं आलेले गेलेही. पण जे उरले ते दर्दी निघाले. मी 'फिकट पिवळसर तपकिरी' म्हटलं की कुणी म्हणायचं, म्हणजे चहा का, दूध कमी असलेला? मग त्यावर वाद. आमच्याकडं रंगांच्या तुकड्यांचं एक पुस्तक असतं, प्रत्येक रंगाला आकड्यांचं नाव. मातीचा खडा तुकड्याशेजारी धरायचा आणि जुळणारा आकडा लिहायचा. ते मी ओट्यावर दाखवलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी बाबाराव त्यांचा बैल घेऊन खड्ड्याशी हजर. जोडीतला एक म्हातारा होऊन गेला होता, आणि राहिलेल्याला तंतोतंत रंगाचा जोडीदार हवा होता. मी बैलाच्या खांद्याला पुस्तक लावलं, बैलानं ते चाटलं, आकडा निघाला दहा-सात-तीन. बाबारावांनी तिथूनच बाजारातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि दहा-सात-तीनचा बैल बघून ठेव म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसानं आकडा तीनदा विचारून घेतला.

घराघरातही आमचा शब्द गेला. एका सासूनं सुनेच्या भाकरीला 'थर दोन, जळकट, ठिसूळ' म्हटल्याचं त्या सुनेनंच मला हसत सांगितलं, आणि तिनं सासूबाईंना कुठला थर दिला तेही सांगितलं. ते लिहिण्यासारखं नाही.

खड्ड्यात माती काढायला गावातल्याच बायका होत्या. त्यांत गिरजाबाई होती. धनगराच्या घरची, साठीच्या आतबाहेरची. माहेरीसासरी सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता पायांना चालणं झेपत नाही म्हणून मेंढरं पोरांकडं दिली होती आणि ती मजुरीला येत होती. दारात तेवढी एक शेळी ठेवलेली. खुरप्याचा हात इतका हलका की थर बदलल्याचं तिला माझ्याआधी कळायचं. ती थांबायची, मागं वळून "लिव्हा बाई," म्हणायची आणि मी लिहायचे.

पाचवा थर लागला आणि सरांचा चेहरा उजळला. काळपट, करड्या राखेचा थर, चांगला वीतभर जाड. खाली टणक जमीन, आणि कडेनं गोलाकार ओळीत खांब रोवल्याची भोकं. सरांनी खड्ड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं की इथं मोठ्या व्यापाऱ्याचा लाकडी वाडा होता आणि तो शत्रूनं जाळला. मी वहीत 'जळालेला वाडा' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं. त्याच दिवशी सरांनी एका ओळखीच्या बातमीदाराला फोन केला. तिसऱ्या दिवशी पेपरात गोदाकाठच्या जळालेल्या वाड्याची बातमी, सोबत सरांचा फोटो, बोट राखेकडं.

बातमी आली त्या सकाळी गिरजाबाईनं मला खाली बोलावलं. तिच्या तळहातावर राखेतले दोन-तीन काळे गोल दाणे होते. तिनं त्यातला एक चिमटीत फोडून दाखवला.

"बाई, ह्या लेंड्या हायत," ती म्हणाली. "जळक्या लेंड्या. ही राखच समदी लेंड्यांची हाय."

मग तिनं टणक जमिनीतले लहान लहान खळगे दाखवले. मी आदल्या दिवशी त्यांची नोंद 'जोडखळगे, प्रयोजन अज्ञात' अशी केली होती. तिनं दोन बोटं जोडून एका खळग्यात टेकवली. मेंढराचं खूर, ओल्या मातीत उमटलेलं आणि तसंच वाळलेलं. खांबांची भोकं म्हणजे कुंपणाचे खुंट. पिसवा-गोचिडं फार झाली की खालचं लेंडीखत पेटवून देतात, तिच्या सासऱ्यानंही एकदा पेटवलं होतं. तिनं हे सगळं इतक्या सहज सांगितलं की जणू शेजारच्या घराबद्दल बोलते आहे. मी कच्च्या वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घेतला.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, लेंड्या काय कुठंही असतात. ते चिडले नव्हते, घाबरले होते. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब दोनच दिवसांनी वाडा बघायला येणार होते आणि पुढच्या हंगामाची मंजुरी त्यांच्या हातात होती. मंजुरी नाही म्हणजे खड्डा बुजवून सगळे घरी. त्यात सरांची सात वर्षांची धडपड होती आणि गिरजाबाईसारख्या चौदा बायकांची उन्हाळ्यातली मजुरीही. सरांनी पक्की वही मागवली, 'जळालेला वाडा' यापुढचं प्रश्नचिन्ह दाखवलं आणि हे तेवढं काढून टाका म्हणाले.

मी रबर घेतलं आणि काढून टाकलं. तीस वर्षांत तेवढं एकदाच.

गिरजाबाईला मात्र कुणी आपला शब्द खोटा ठरवलेला चालत नसे. साहेब यायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आपली शेळी आणली. मेंढरं रानात होती, पण खुरात फार फरक नाय, तिनं मला समजावलं. शेळीला उचलून खड्ड्यात उतरवलं आणि तिचा पुढचा पाय एका खळग्यावर ठेवला. खूर जवळजवळ चपखल बसलं. मी गुडघ्यावर बसून ते बघत होते, त्यामुळं शेळी 'थर पाच' लिहिलेली चिठ्ठी दोऱ्यासकट खात होती हे मला उशिरा दिसलं. नेमके त्याच वेळी सर आले. त्यांच्या नकाशाप्रमाणं शेळी दिवाणखान्यात उभी होती.

सर मोठ्यानं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शेळीला बाहेर काढायला सांगितलं आणि गिरजाबाईला त्या दिवसापुरतं मातीच्या ढिगावर पाठवलं. ती टोपलं घेऊन गेली. मी डबा उघडून भाकरी खायला बसले. माझा आणि शेळीचा त्या वेळी एकच उद्योग होता, खालमानेनं तोंड हलवायचं.

साहेबांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुण्याकडचे, गोड बोलणारे, थकलेले. खड्डा उद्या सकाळी नीट बघू म्हणाले, पण भोंग्यावरच्या वाचनाची गंमत त्यांच्या कानावर गेली होती आणि ती ऐकायचीच होती. ओट्यावर त्यांना खुर्ची मांडली, शेजारी सर. मी वही छातीशी धरून ओट्याच्या मागं उभी. आतापर्यंत मी या थराची नुसती राख आणि खापरं वाचली होती, आज मात्र 'जळालेला वाडा' असं वाचायचं होतं, आणि समोर सगळं गाव, त्यात गिरजाबाई. मी तिला बाजूला घेतलं आणि माझी अडचण सांगून टाकली. खोटं वाचवत नाही आणि खरं वाचता येत नाही.

गिरजाबाईला अडचणच कळेना. "वाडाच म्हना की," ती म्हणाली. "आमी मेंढरं बसवायच्या जागंला वाडाच म्हनतो."

माझ्या डोक्यावरचं टोपलंच उतरलं. खरंच की. धनगराच्या बोलीत मेंढरांचा तळ म्हणजे वाडा. मी माइकसमोर बसले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "थर पाच. काळपट करडी राख. जळालेला वाडा." सर समाधानानं मागं टेकले. बायकांच्या बाजूनं थोडी खसखस झाली, कारण गिरजाबाईनं दोन दिवसांत सगळीकडं सांगून ठेवलेलं होतं. साहेबांना वाटलं, गावाला आपल्या वाड्याचा आनंद झाला. मीही मनातल्या मनात स्वतःच्या हुशारीवर खूश होते. इथं सगळं संपलं असतं. पण साहेब मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी माइक स्वतःकडं ओढला आणि गावालाच विचारलं की त्या वाड्यात कोण राहत असेल, तुमचा काय अंदाज?

गिरजाबाई उभी राहिली. "लेकुरवाळ्या व्हत्या, साहेब."

साहेबांनी कौतुकानं विचारलं, किती असतील?

"दीड-दोनशे तरी."

साहेबांनी सरांकडं बघितलं. सर ओट्याखालच्या फरशीकडं बघत होते. एवढ्या बायका एका वाड्यात, म्हणजे काही आश्रम वगैरे होता का, असं साहेबांनी विचारलं, आणि भोंग्यावरून ते वेशीपर्यंत गेलं. आता बाबारावांना राहवेना.

"बाया नाय, साहेब. मेंढरं."

गाव हसलं. पार कडेच्या वस्तीवरून, जिथं फक्त भोंगाच ऐकू जात होता, तिथूनही हसू आलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की अजून काय लिहिलंय. मी पक्की वही मिटली, कच्ची उघडली आणि गिरजाबाईनं सांगितलेलं सगळं वाचलं. लेंड्या, खुरांच्या खुणा, कुंपणाचे खुंट, गोचिडं, सासऱ्यांनी पेटवलेलं खत. शेळीचाही प्रयोग वाचला. चिठ्ठी खाल्ल्याचंही वाचलं, नोंद ती नोंद.

सकाळी साहेब खड्ड्यात उतरले आणि गिरजाबाईशेजारी उकिडवे बसले. तास-दीड तास ती दाखवत होती आणि ते विचारत होते. मग शेळीला पुन्हा बोलावणं गेलं, या वेळी सरकारी कामासाठी, आणि चिठ्ठ्या आधी उचलून ठेवल्या. नंतर त्यांनी माझी पक्की वही मागितली. कागदावर रबर फिरवलेली जागा लपत नाही. त्यांनी त्यावर बोट ठेवून इथं काय होतं विचारलं. मी सांगितलं, प्रश्नचिन्ह. ते कुणी काढलं, का काढलं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. वही परत देत म्हणाले, पुढचं खणण्यासारखं आहे. मोठ्या लोकांचे वाडे पुष्कळ सापडतात, निदान कागदावर तरी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांची पावलं त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती.

मंजुरी मिळाली. पेपरात मात्र दुसरी बातमी कधी आली नाही, त्यामुळं वाचणाऱ्यांच्या मनात तो व्यापारी अजून राहतोच आहे. सर एकदाच मला म्हणाले, "सोनवणेबाई, तुम्ही मला जरा ठामपणे सांगायला हवं होतं." मी सांगितलं होतं, पण ठामपणे नाही, हे दोन्ही खरं. त्या दिवसापासून मी वस्तूंच्या वहीत एक रकाना जास्तीचा आखला, ओळखलं कुणी. आधीच्या सगळ्या वर्षांत तो नव्हता. किती गिरजाबाया त्यात लिहायच्या राहिल्या असतील त्याची मात्र कुठं नोंद नाही.

बाबारावांनी शेवटी हक्क सांगितलाच. मोहरा नाहीत तर नाहीत, पण लेंडीखत त्यांच्या रानातलं होतं आणि चांगलं मुरलेलं होतं. नमुने बाजूला काढून उरलेली चाळलेली माती ढिगावरच पडायची. तिथून त्यांनी दोन गाड्या वांग्यांना टाकली. दहा-सात-तीनची जोडी जुंपून. गौरी-गणपतीत ते पिशवीभर वांगी घेऊन बजाजनगरात माझ्या दारात आले. मी भरली वांगी केली आणि डब्यातून सरांनाही दिली. ती कुठल्या थरातली हे डबा संपल्यावर सांगितलं.

पुढच्या हंगामात शेजारी नवा खड्डा घेतला. महिनाभरानं त्यात एक विचित्र बांधकाम लागलं. दगडांचा अर्धगोल, मध्ये चिखलाचा लेप, कडेला एक पन्हळ. सर बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी भव्य उगवताना मला दिसत होतं. मग त्यांनी स्वतःलाच आवरलं, खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि गिरजाबाईला हाक मारून हे काय असेल म्हणून विचारलं.

गिरजाबाई खाली बसली. लेपावरून हात फिरवला, पन्हळीत बोट घातलं, दगडाला नाक लावलं. सगळे कामं थांबवून बघत होते. शेवटी ती पदराला हात पुसत उठली.

"ठाव नाय," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "लिहा," ते म्हणाले. "तिनं म्हटलं तसंच लिहा."

मी लिहिलं.